तिरकी मान

कुंदा मॅडम पहिल्या भेटीत कोणावरही विश्वास ठेवत नसत. दुसऱ्या भेटीत तर मुळीच नाही, कारण तोवर माणसाला तयारीला वेळ मिळालेला असतो, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांच्या हाताखाली नऊ वर्षं काम केलं, आणि नवव्या वर्षीही माझ्या डब्यातल्या भाजीचा त्या आधी वास घेत आणि मगच तिला पोळी लावत.

"काय घातलं यात?"

"कांदा, टमाटर, मॅडम."

"आणखी?"

आणखी काहीच घातलेलं नसायचं. पण त्यांनी असं विचारलं की मला स्वतःचीच शंका यायची, आणि मी उगाच "थोडा गूळ" वगैरे कबूल करून टाकायची. मग त्यांचं समाधान व्हायचं. "पाह्य, मी म्हणत होती न," म्हणायच्या आणि भाजी संपवायच्या.

रायपुरातल्या एका कान-नाक-घशाच्या दवाखान्यात आम्ही दोघी लोकांचे कान तपासत असू. काम सोपं दिसतं. आवाज आत येऊ नये अशी एक छोटी खोली, तिच्यात खुर्ची, कानावर हेडफोन आणि हातात बटण. आवाज ऐकू आला की माणसानं बटण दाबायचं. आम्ही काचेच्या खिडकीबाहेर मशीनपाशी बसून आवाज कमीजास्त करायचा आणि कागदावर खुणा मांडायच्या. यात संशयाला जागा कुठे, असं मला पहिल्या दिवशी वाटलं होतं. मॅडमनी पहिल्याच आठवड्यात माझे डोळे उघडले.

बहिरेपणाचं सर्टिफिकेट हवं म्हणून एक हट्टेकट्टे गृहस्थ आले होते. केवढाही आवाज सोडा, बटण दाबायला तयार नाहीत. चेहरा असा पडलेला की मला दया आली. मॅडमनी शांतपणे हेडफोन काढले, कागद गुंडाळला, त्यांना दारापर्यंत जाऊ दिलं आणि पाठीमागून अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या, "भैया, पैंट पीछे से फटी है." गृहस्थांचा हात विजेसारखा मागे गेला. पँट धड होती. मॅडम परत येऊन खुर्चीत बसल्या आणि कागदावर 'नॉर्मल' लिहिलं. "कान खोटं नाही बोलत," मला म्हणाल्या, "माणूस बोलते."

दुसरी युक्ती शांततेची. आवाज सोडता सोडता मध्येच त्या थांबायच्या. दहा सेकंद, वीस सेकंद, काहीच नाही. जो मनापासून ऐकतो तो गप्प बसतो. जो अंदाजानं दाबतो तो या शांततेत हमखास बटण दाबतो आणि पकडला जातो. अशा वेळी मॅडम काचेतून माझ्याकडे बघून म्हणायच्या, "शांततेत दाबून राहिला." हे वाक्य आमच्या दवाखान्यात इतकं रुळलं होतं की कोणी न विचारता सल्ला द्यायला लागलं तरी आम्ही तेच म्हणायचो.

त्या दिसायलाही संशयीच होत्या. उंच, सडसडीत, कडक इस्त्रीची सुती साडी, मानेवर घट्ट अंबाडा, घड्याळाची तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला, म्हणजे वेळ फक्त त्यांनाच कळावी. तुम्ही बोलायला लागलात की त्यांची मान उजवीकडे वळायची, हनुवटी जराशी वर जायची, आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून तुमच्यावर नजर यायची. त्या तिरक्या मानेला सगळा दवाखाना घाबरायचा. मोठे डॉक्टरसुद्धा त्यांच्याशी बोलताना वाक्य दोनदा म्हणायचे, जणू उलटतपासणी चालू आहे.

मी घाबरण्यापेक्षा दुखावली जायची. नऊ वर्षं शेजारी बसून बाई माझ्याकडे चोराकडे बघावं तशी बघते, हे मला लागायचं. बरं, विक्षिप्तपणा तरी किती असावा. त्यांचं टेबल उजव्या भिंतीला चिकटलेलं. मी एकदा झाडण्यासाठी ते पुढे ओढलं तर दिवसभर बोलल्या नाहीत. रस्त्यानं चालताना कोणाला उजव्या हाताला येऊ देत नसत. आणि रोज सकाळी मशीन नीट आहे का, हे आधी स्वतःच्या कानाला लावून बघायचं असतं, ते काम कायम माझ्याच गळ्यात. "तू लाव. माहा अंबाडा बिघडते." मी घरी, ब्राह्मणपाऱ्यात, आईला म्हणायची, या बाईला अंबाड्याचा एवढा माज आहे की विचारू नको.

एकदाच त्या मला वेगळ्या दिसल्या. सिमग्याकडच्या एका गावातून मुलानं म्हाताऱ्या आईला आणलं होतं. आजी आवाज असो वा नसो, भराभर बटण दाबत होत्या. शांततेत तर जास्तच. मला वाटलं, आता मॅडम यांचं काही ठेवत नाहीत. पण त्या दार उघडून आत गेल्या, आजींच्या पुढे उकिडव्या बसल्या आणि छत्तीसगढीत म्हणाल्या, "दाई, नइ सुनावय त झन दबा. कोनो कुछु नइ कहय." ऐकू येत नसेल तर दाबू नको, तुला कोणी काही म्हणणार नाही. आजी रडायलाच लागल्या. घरात निकामी ठरू नये म्हणून बिचाऱ्या ऐकू येण्याचं सोंग करत होत्या.

मी म्हटलं, "मॅडम, हेही खोटंच की."

"ऐकू येत नाही म्हणणाऱ्यावर डाऊट घ्याचा," त्या म्हणाल्या. "येते म्हणणाऱ्यावर नाही."

हा नियम मला पटला नाही, आणि तो त्यांनी कुठून काढला याचा मला तेव्हा पत्ता नव्हता.

मॅडम चौबे कॉलोनीत राहायच्या. वडील गोंदियाकडून रेल्वेत इकडे आलेले. आई लवकर गेली तेव्हा धाकटा भाऊ सुनील पाच वर्षांचा होता. त्याला यांनीच वाढवला, त्या नादात लग्न राहून गेलं. सुनील नवा रायपुरात कुठल्याशा ऑफिसात कॉम्प्युटरचं काम करायचा, संध्याकाळी पेटी वाजवायचा, आणि साप पाळायचा. दचकू नका, मीही दचकले होते. आपल्याकडचे साप नव्हेत, ते पाळायला बंदी आहे. हे आफ्रिकेकडचे बुटके अजगर, बिनविषारी, हातात घेतले तर चेंडूसारखे गुंडाळून बसणारे. रीतसर नोंदणी केलेले. ती नोंदणीची कागदपत्रं मॅडमनी तीनदा वाचली होती आणि शिक्का नखानं खरवडून पाहिला होता.

त्या सापांत एक होता रसिक. सोनेरी अंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक काळी नक्षी. सुनीलनं पेटी वाजवली की हा मान उचलून डोलायचा. कॉलोनीभर बोलबाला झाला. नागपंचमीला बायका हळदकुंकू घेऊन आल्या. सुनील कोणाला काही सांगत नसे, नुसता हसायचा आणि सूर धरायचा. लोक म्हणायचे, पूर्वजन्मीचा गवय्या आहे. रसिक हे नावही लोकांनीच दिलं.

"अश्विनी, रविवारी घरी ये," एप्रिलच्या एका दुपारी मॅडम मला म्हणाल्या. "मले काही पटून नाही राहिलं. सापाले बाहेरून कानच नाही, अन हा डोलते कशावर?"

सापाची भीती होती तरी मी गेले. वरच्या मजल्यावरची खोली, भिंतीला लावलेले प्लास्टिकचे डबे, एका खोक्यात ऊब राखून ठेवलेली सहा पांढरी अंडी. ती रसिकपासूनची, दुसऱ्या डब्यातल्या मादीनं घातलेली. दोन महिन्यांत फुटणार होती, आणि पिल्लं कोणाकोणाला द्यायची हेही ठरलेलं होतं. शेजारच्या दोन बायका आधीच येऊन बसल्या होत्या. सुनीलनं रसिकला काढून सतरंजीवर ठेवलं आणि पेटीचा भाता ओढला. रसिकची मान वर आली. डावीकडे गेली, उजवीकडे आली, एक गिरकी घेतली. शेजारणींनी हात जोडले. मला खरं सांगायचं तर अंगावर काटा आला. इतकं सुंदर काही मी फार दिवसांत पाहिलं नव्हतं.

मॅडमनी मान तिरकी केली. "सुनील, पेटी थांबव."

पेटी थांबली. रसिक डोलत राहिला.

"वो अभी भी धुन में है, दीदी," सुनील म्हणाला.

"हव. थांब."

त्यांनी मनगट उलटं करून घड्याळ पाहिलं. वीस सेकंद. चाळीस. दोन मिनिटं. मग वाजवायला लावलं, मग परत थांबवलं, कधी लवकर कधी उशिरा, अगदी आमच्या मशीनवर करतो तसं. दवाखान्यातला एक कोरा कागद त्यांनी पर्समधून आणलाच होता, त्यावर खुणा करत गेल्या. पेटीत आणि शांततेत काही फरक नव्हता. दुसऱ्या डब्यातला साधा तपकिरी साप काढायला लावला. त्याच्यासमोर पेटी वाजवली, तो पडून राहिला दगडासारखा.

"शांततेत दाबून राहिला," मी हळूच म्हटलं.

मॅडम हसल्या नाहीत. "याले खाऊ घाल," म्हणाल्या.

सुनील टाळाटाळ करायला लागला. आज दिवस नाही, भूक नाही. मॅडम नुसत्या बघत राहिल्या. शेवटी त्यानं चिमट्यात मेलेला उंदीर धरून पुढे केला. रसिकनं झेप घेतली ती चांगली वीतभर बाजूला. परत घेतली, परत चुकली. तिसऱ्यांदा त्याचं डोकं पिळवटल्यासारखं उलटं झालं, पोट वर आलं, आणि तो कितीतरी वेळ सरळ होऊ शकला नाही. शेजारणी उठून गेल्या. मलाही उठावंसं वाटलं.

"हा डोलून नाही राहिला, सुनील," मॅडम म्हणाल्या. "याले चक्कर येऊन राहिली."

मी ते ऐकलं आणि मला आमच्याकडे येणारे भोवळीचे रोगी डोळ्यांसमोर दिसले. कानाच्या आत तोल सांभाळणारा भाग असतो. तो बिघडला की माणूस टेबलाची कड दोन्ही हातांनी धरून बसतो आणि खोली फिरते म्हणतो. रोज पाहत होते मी. आणि तेच पाहून इथे माझ्या अंगावर आनंदाचा काटा आला होता. मला माझीच लाज वाटली.

"तुले माहीत होतं," मॅडम म्हणाल्या. हा प्रश्न नव्हता.

सुनीलनं रसिकला उचलून डब्यात ठेवलं. मग बोलला, अर्धं हिंदीत, अर्धं मराठीत. सगळ्या पाळणाऱ्यांना माहीत असतं. ही नक्षी आणि हे डोलणं एकाच बीजातून येतं. नक्षी हवी तर डोलणं येणार, कोणात कमी, कोणात जास्त. रसिक खातो, पितो, जगतो. "मैंने कभी नहीं कहा कि वो गाना सुनता है. लोग खुद बोलते हैं."

"अन तू पेटी वाजवते."

"तो क्या मार दूँ उसको?"

"मारून टाक कोण म्हणते? सांभाळ न. पण आणखी काहून काढून राहिला?" त्यांनी अंड्यांकडे बोट केलं. "यातले अर्धे असेच निघतीन न?"

तेव्हा सुनील उठला. रागानं त्याचा आवाज चिरकला, आणि त्या रागात तो पहिल्यांदाच अस्सल मराठीत बोलला. "मंग तुह्यं काय, दीदी? तुहा उजवा कान जन्मापासून बंद आहे. आईनं तुले जन्माले नव्हतं घालाले पाहिजे का?"

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"आईले बंद कानाची पोट्टी पाहिजे नव्हती," त्या सावकाश म्हणाल्या. "निघाली, तर सांभाळली. तू मागून घेऊन राहिला."

परतताना मी स्कूटी कशी चालवली मला ठाऊक नाही. उजवा कान. भिंतीला चिकटलेलं टेबल. रस्त्यानं चालताना उजव्या हाताला कोणी नको. सकाळचं मशीन आणि अंबाडा. आणि ती मान, जिला आम्ही नऊ वर्षं संशय समजत आलो. बाई फक्त चांगला कान आमच्याकडे करत होत्या. लोकांना सापाच्या आजारात भक्ती दिसली, मला मॅडमच्या अडचणीत माज दिसला. पहिल्यांदा मला राग आला, लपवलं म्हणून. मग रडू आलं. बुढापाऱ्याजवळ गाडी थांबवून मी रडून घेतलं.

सोमवारी दवाखान्यात त्यांनी विषय काढला नाही. मंगळवारी डबा उघडला, भाजीचा वास घेतला आणि म्हणाल्या, "सुनील म्हणते, तू आधी तुह्या कानाचं कागदावर आण. मंग मी रसिकच्या डब्यावर खरं लिहितो अन जोडी लावणं बंद करतो."

"असं कसं? त्याचा आणि याचा काय संबंध?"

"आहे न संबंध. तो लपवते, मी लपवते."

त्याला वाटलं असणार, दीदी हे कधीच करणार नाही. मलाही तसंच वाटलं. कान तपासणारीचाच एक कान बंद, हे बाहेर पडलं तर कोण त्यांच्यासमोर बसणार? ज्यांना ज्यांना त्यांनी खोटं पाडलं होतं ते सगळे हसत येतील. चाचणीत मशीन आवाज सोडतं आणि रोगी ऐकतो, तपासणाऱ्याच्या कानाचा त्यात फारसा प्रश्न येत नाही, हे मी सांगून पाहिलं. त्यांनी मान तिरकी करून ऐकून घेतलं. आता त्या मानेचा अर्थ मला कळत होता, त्यामुळे मी त्यांच्या डाव्या बाजूला सरकले. ते त्यांना आवडलं नाही. "होती तिथंच बस," म्हणाल्या.

जूनमध्ये अंडी फुटली. सहातली तीन पिल्लं नक्षीची निघाली. सुनीलनं फोन केला तेव्हा मॅडम माझ्याशेजारीच होत्या. एक पिल्लू अंड्यातून बाहेर येऊन उताणं पडलं होतं आणि त्याला वर कुठे, खाली कुठे कळत नव्हतं. तो सरळ करायचा, ते पुन्हा उताणंच व्हायचं. सुनील फोनवर एवढंच म्हणत होता, "दीदी, ये नहीं रुक रहा है." त्याचा आवाज मला बाजूच्या खुर्चीवर ऐकू येत होता. मॅडमनी फोन ठेवला आणि आत जाऊन हात धुऊन आल्या.

पुढचं आधी सांगून टाकते. मोठ्या डॉक्टरांनी मॅडमच्या स्वतःच्या चाचणीचा कागद दोनदा पाहिला. "कब से?" त्यांनी विचारलं. "जनम से," मॅडम म्हणाल्या. डॉक्टरांनी त्यांना कामावरून काढलं नाही, तेवढे ते भले होते. पण बातमी फुटली, आणि ते पँटवाले गृहस्थ खरोखरच एक दिवस येऊन मोठ्यानं हसून गेले. सहा महिन्यांनी मॅडमनी स्वतःच काम सोडलं. सुनीलनं शब्द पाळला. रसिकच्या डब्यावर त्याच्या अक्षरात लिहिलेलं मी पाहिलं आहे: कानाच्या आत दोष. चक्कर येते. जोडी लावायची नाही. नक्षीची पिल्लं कोणाला दिली नाहीत. उताणं पडणारं जगलं नाही, बाकी दोघांना मॅडम चिमट्यानं भरवतात, उंदीर अगदी तोंडाशी, न हलवता धरून. मात्र भावाच्या शब्दावर त्यांचा अजून विश्वास नाही. त्या खोलीला त्यांनी स्वतःचं कुलूप घातलंय आणि किल्ली साडीच्या सेफ्टी पिनेला असते.

पण मॅडम म्हटलं की मला दिसतात त्या फोन आला त्याच दुपारच्या. शेवटचा रोगी गेला होता. त्या आतल्या खोलीत गेल्या आणि रोग्याच्या खुर्चीत बसल्या. इतक्या वर्षांत त्या खुर्चीत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. अंबाडा सोडला. हेडफोन स्वतः लावले.

"मॅडम," मी दारात उभी राहून म्हटलं, "मी नॉर्मल काढून देते. कोणाला कळणार आहे?"

त्यांनी अशी नजर टाकली की मी पुन्हा पहिल्या आठवड्यातली पोट्टी झाले. "म्हणूनच तुह्यावर माहा भरोसा नाही," म्हणाल्या, आणि खुर्ची फिरवून काचेकडे पाठ केली. "तोंड तिकडं ठेवलं तर तुहा हात दिसते मले. कधी दाबाचं ते कळून जाईन."

मी दार लावलं. त्यांच्या डाव्या कानात खरखर सोडली, म्हणजे चांगल्या कानानं चोरून ऐकू नये. हेही त्यांनीच मला शिकवलेलं. मग उजव्या कानात आवाज सोडला. काही नाही. वाढवला. काही नाही. मशीनचा काटा जिथवर जातो तिथवर नेला. काचेतून मला त्यांची पाठ दिसत होती, मोकळे केस, आणि उजवीकडे वळलेली मान, कुठूनतरी काहीतरी ऐकू येईल म्हणून ताणून धरलेली. अंगठा बटणावर टेकलेला होता.

मी थांबले. पुन्हा सोडला. पुन्हा थांबले. तीस वर्षं त्या खुर्चीतल्या लोकांना पकडणाऱ्या बाई होत्या त्या. आवाज कधी येतो, किती वेळानं येतो, सगळं त्यांना तोंडपाठ होतं. अंदाजानं दाबलं असतं तर मलाही कळलं नसतं.

शेवटपर्यंत त्यांनी एकदाही बटण दाबलं नाही.